पवनचक्क्या आणि प्राचीन भूदृश्य: अंतर मोजण्याआधी काय पाहायचं

तुम्ही जे विचारलंय ते थोडक्यात असं आहे. एका प्राचीन पठारावर उभ्या शिळा आणि दफनटेकड्या आहेत. समोरच्या डोंगररांगेवर 14 पवनचक्क्यांचा प्रकल्प येऊ घातलाय, आणि पात्याच्या टोकापर्यंत प्रत्येकीची उंची 180 मीटर. कंपनीचा अहवाल सांगतो की सर्वांत जवळची चक्की 3.2 किलोमीटरवर आहे, एकाही दगडाला धक्का लागणार नाही आणि दृश्यात होणारा बदल 25 वर्षांनी पुसला जाईल. तुमच्या समितीला यावर मत द्यायचंय. तुमचे प्रश्न दोन आहेत: किती किलोमीटर अंतर पुरेसं मानायचं, आणि हवामान बदलत असताना अशा प्रकल्पाला हरकत घेणं बरोबर आहे का?

वीस-बावीस वर्षं मी वारसास्थळांवरच्या परिणामांचं मूल्यमापन करतोय. कधी कंपनीच्या बाजूने, कधी सरकारी खात्यासाठी, कधी गावकऱ्यांसाठी. या काळात मी 'नको' म्हटलं त्यापेक्षा 'चालेल, पण असं करा' हेच जास्त वेळा म्हटलंय. पवनऊर्जा मला हवी आहे, आणि तीही मोठ्या प्रमाणावर. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिलंय ते वाचून मी चक्क्यांच्या विरोधात आहे असा कुणाचा समज व्हायला नको.

पहिल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. आकडा ठरवून दिला तर समितीचं काम सोपं होतं, पण चुकीचं होतं. एका प्रकल्पात माझ्यासमोर दोन चक्क्या होत्या. एक प्राचीन दफनस्थळापासून जेमतेम 2 किलोमीटरवर होती, दुसरी 9 किलोमीटरवर. जवळची चक्की त्या स्थळाच्या पाठीमागे होती. मधे उंचवटा होता, आणि तिथे जाणारा माणूस त्या दिशेला पाहतच नसे. लांबची मात्र थडग्याच्या दाराच्या अगदी सरळ रेषेत, क्षितिजावरच्या दोन सुळक्यांच्या मधल्या खिंडीत येत होती. दाराचं तोंड तिकडे का केलंय हे तिथे उभं राहिलं की लगेच कळायचं. जवळच्या चक्कीला मी संमती दिली आणि लांबच्या चक्कीला हरकत घेतली. कंपनीचे अभियंते आधी वैतागले. मग मी त्यांना त्या दाराशी उभं केलं, आणि त्यांनीच नकाशावर ती चक्की 600 मीटर सरकवली.

म्हणजे आधी विचारायचं ते हे: या जागेचं कशाशी नातं आहे?

हे वारंवार विचारावं लागतं, कारण वारा आणि प्राचीन माणूस यांची निवड एकच असते. उघडा माथा, लांबलचक कडा, झाडं कमी, चहूकडे नजर पोहोचणारी जागा. दफनटेकड्या माथ्यांवर बांधल्या गेल्या, कारण त्या खालच्या दरीतून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसाव्यात. तटबंद्या कड्यांवर आल्या, कारण तिथून वाट दिसते. अभियंत्यालाही तोच माथा हवा असतो, आणि त्याला कारण आहे. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला 7.5 मीटरवरून 7 वर आला, तर वाऱ्यातली उपलब्ध ताकद सुमारे 19 टक्क्यांनी घटते. यंत्राची प्रत्यक्ष वीज तेवढी घटत नाही, तरी हिशोबात ती घट चांगलीच जाणवते. म्हणून 'जरा खाली सरकवा' असं म्हणताना आपण कुणाकडून तरी खरी किंमत मागतोय याचं भान ठेवावं. ती किंमत मागण्यासाठी आपल्याकडे तितकंच खरं कारण हवं.

ऑर्कनी बेटांचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण तिथे दोन्ही बाजू एकाच जागी दिसतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या या बेटांवर सुमारे 5,000 वर्षांपूर्वीची मेसहाउ ही दफनवास्तू आहे. जवळच ब्रॉडगरचं शिळावर्तुळ आणि स्टेनेसच्या शिळा आहेत, आणि थोड्या अंतरावर स्कारा ब्रे ही वसाहत. हे सगळं मिळून 1999 साली जागतिक वारसा यादीत आलं. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास मावळत्या सूर्याचे किरण मेसहाउच्या लांब, बुटक्या बोळातून आत शिरतात आणि मागची भिंत उजळवतात. सूर्य मावळतो तो समोरच्या हॉय बेटावरच्या डोंगरामागे. आता सांगा, या वास्तूची हद्द कुठे संपते? तिच्याभोवतीच्या कुंपणापाशी? तो डोंगर कितीतरी किलोमीटर दूर, समुद्रापलीकडे आहे, पण वास्तूचा अर्थ त्याच्याशिवाय पुरा होत नाही. या परिसरात मेरनब्लो इथे चक्क्या उभारण्याचा प्रस्ताव आला होता. जाहीर चौकशीनंतर तो नाकारला गेला. हेच ऑर्कनी वर्षभराच्या हिशोबाने आपल्या गरजेपेक्षा जास्त वीज नूतनक्षम स्रोतांतून तयार करतं, आणि त्यात मोठा वाटा वाऱ्याचा आहे. बेटांवर शेकडो लहान-मोठ्या चक्क्या फिरतायत. तिथल्या लोकांनी वाऱ्याला नकार दिलेला नाही. एका विशिष्ट आकाशरेषेत चक्क्या नकोत, इतकंच त्यांनी ठरवलं.

हा विचार एकट्यादुकट्या माणसाचा नाही. 2005 साली चीनमधल्या शिआन शहरात स्मारकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, म्हणजे इकोमॉसने, वारसास्थळाच्या परिसराबद्दल जाहीरनामा काढला. डोळ्यांना दिसतं तेवढाच परिसर नसतो. निसर्गाशी असलेलं नातं, चालत आलेल्या प्रथा, श्रद्धा, वापर हे सगळं त्यात धरलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. 2023 साली युनेस्कोने पवनऊर्जा आणि जागतिक वारसा यांबद्दल खास मार्गदर्शन काढलं. चक्क्यांचा नकाशा आखून झाल्यावर नव्हे, त्याआधी वारशाचा विचार सुरू व्हावा, यावर त्याचा भर आहे. तुमचं स्थळ जागतिक यादीत असो वा नसो, त्यातली पद्धत उपयोगी पडते.

तुमच्या अहवालातलं 3.2 किलोमीटर डोळ्यांना कसं वाटेल हे पाहायचं तर एक साधा हिशोब करा. पूर्ण चंद्राचा व्यास आपल्या डोळ्याला साधारण अर्धा अंश दिसतो. 180 मीटर उंचीची चक्की 20 किलोमीटरवरून जवळजवळ तेवढीच उंच दिसते. 9 किलोमीटरवरून दोन चंद्रांपेक्षा थोडी जास्त, आणि 3.2 किलोमीटरवरून साडेसहा चंद्र एकावर एक ठेवल्यासारखी. त्यात ती फिरते. मोठ्या दृश्यात काहीच हलत नसताना एक वस्तू हलू लागली, की डोळा तिच्याकडे जातोच. ते आपल्या हातात नसतं. शांत, स्थिर शिळांमधून चालणाऱ्या माणसावर 14 फिरत्या यंत्रांचा होणारा परिणाम कागदावरच्या मोजमापात पूर्ण पकडता येत नाही, हे मान्य करूनच मोजमापाकडे जायचं.

मोजमाप म्हणजे दोन गोष्टी: दृश्यमानतेचा नकाशा आणि छायाचित्रांवर चक्क्या बसवून केलेली दृश्यं. नकाशा भूभागाच्या उंचीवरून संगणक तयार करतो. कुठून किती चक्क्या दिसू शकतात ते त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. पण कुठे पाती दिसतात आणि कुठे फक्त टोकं, यात फार फरक आहे. टोकाच्या उंचीचा आणि पात्यांच्या मध्यबिंदूच्या, म्हणजे हबच्या उंचीचा, असे दोन वेगळे नकाशे मागा. आकाशरेषेवर नुसती पात्यांची टोकं वरखाली होताना दिसणं कधी कधी पूर्ण चक्की दिसण्यापेक्षा जास्त त्रासदायक असतं. डोंगरामागून कुणीतरी हात हलवतंय असं वाटत राहतं.

छायाचित्रांबाबत जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त फसगत इथे होते. फार रुंद कोनाचं भिंग वापरलं की दूरच्या वस्तू लहान होतात. ढगाळ, धुरकट दिवशी फोटो काढला की पांढरी चक्की पांढऱ्या आकाशात विरून जाते. पाती निरीक्षकाकडे कडेने वळलेली दाखवली की चक्की बारीक दिसते. यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम केलेली असते असं नाही. वेळापत्रक असतं, फोटोग्राफर ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी गेला, एवढंच असतं. पण समितीने विचारायलाच हवं: भिंग कोणतं होतं, कारण साधारण 50 मिलिमीटरचं, तेही पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, प्रमाण मानतात. कॅमेरा किती उंचीवर होता? दिवस आणि वेळ कोणती होती? छापील चित्र डोळ्यापासून किती अंतरावर धरून पाहायचं? आणि मुख्य म्हणजे, उभं राहायच्या जागा कोणी निवडल्या? बहुतेक अहवालांत त्या जागा रस्त्यालगतच्या असतात, गाडी थांबवायला सोयीच्या. प्राचीन माणूस गाडीने आला नव्हता. तो कोणत्या वाटेने आला, पहिली शिळा त्याला कुठून दिसली, कोणत्या वळणावर सगळं पठार एकदम समोर उघडलं, ती जागा या यादीत आहे का ते बघा. माझ्या अनुभवात ती नसते. तुम्ही ती घालायला लावा.

मग ती चित्रं हातात घेऊन खरंच त्या जागी जाऊन उभे राहा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आणि रात्री एकदा. रात्र लोक विसरतात. इतक्या उंच चक्क्यांवर विमानांसाठी लाल दिवे बसवावे लागतात, आणि ज्या पठारावर हजारो वर्षं रात्री फक्त तारे होते तिथे क्षितिजावर 14 लाल ठिपके एकदमच लुकलुकू लागतात. याला आता चांगला उपाय आहे: विमान जवळ आलं हे ओळखून तेवढ्यापुरते दिवे लावणारी यंत्रणा. जर्मनीने ती बंधनकारक केली आहे. तुमच्याकडचे हवाई वाहतुकीचे नियम परवानगी देत असतील तर ही अट पहिल्याच बैठकीत घाला.

आता जमिनीखालचं. 'एकाही दगडाला धक्का लागणार नाही' हे वाक्य मी खूप अहवालांत वाचलंय. बहुतेक वेळा ते दिसणाऱ्या दगडांपुरतं खरं असतं. एका मोठ्या चक्कीचा पाया साधारण 20 मीटर व्यासाचा असतो. त्यात शेकडो घनमीटर काँक्रीट ओततात. शेजारी क्रेन उभी करायला सपाट, ठोकून घट्ट केलेली जागा लागते. प्रत्येक चक्कीपर्यंत जड वाहनांचा रस्ता, सगळ्या चक्क्यांना जोडणाऱ्या केबलचे चर, एक उपकेंद्र आणि बांधकामाच्या काळात सामान ठेवायचा तळ. मोकळ्या माळावर सर्वांत जास्त माती हलते ती या रस्त्यांमुळे आणि चरांमुळे, पायांमुळे नव्हे. आणि पाती? 60-70 मीटर लांबीचं एकसंध पातं ट्रेलरवरून नेताना वळणं रुंद करावी लागतात. हे रुंदीकरण प्रकल्पाच्या हद्दीबाहेर कुठेतरी लांबच्या रस्त्यावर होतं, त्यामुळे वारसा अहवालात ते येतच नाही. एका ठिकाणी मी स्वतः हे चुकवलं. चक्क्यांच्या जागा आम्ही बारकाईने तपासल्या होत्या, जुन्या शेतबांधांपासून त्या व्यवस्थित दूर ठेवल्या होत्या. पण वाहतुकीचा आराखडा नंतर दुसऱ्याच सल्लागाराने केला, आणि एका वळणासाठी जुन्या पायवाटेलगतची दगडी भिंत 40 मीटरभर काढली गेली. मला कळलं तेव्हा दगड खडीत गेले होते. त्यानंतर वाहतुकीचा आराखडा पाहिल्याशिवाय मी एकाही अहवालावर सही केलेली नाही.

आणखी एक कलम शोधा. परवान्यात बहुधा अशी सवलत असते की बांधकामावेळी चक्कीची जागा अमुक मीटर इकडेतिकडे सरकवता येईल. खडक कच्चा लागला, पाणी लागलं तर तेवढी मोकळीक लागते. पण 50 मीटरच्या सवलतीत चक्की तपासलेल्या जमिनीवरून न तपासलेल्या जमिनीवर सहज जाते. म्हणून ती सवलत जिथे जमिनीची भूभौतिक पाहणी, म्हणजे न खणता उपकरणांनी केलेली तपासणी, झाली आहे तेवढ्याच पट्ट्यात द्या, आणि सरकवण्याआधी पुरातत्त्वज्ञाची लेखी संमती लागेल असं लिहून घ्या. विमानातून लेसर किरणांनी केलेली पाहणी, म्हणजे लायडार, झाडोऱ्याखालचे बांध आणि टेकड्या दाखवते. चुंबकीय पाहणी जुन्या भट्ट्या, खड्डे, चर दाखवते. या दोन्हींनंतर चाचणी-खणती. हा क्रम उलटला, म्हणजे परवाना आधी आणि पाहणी नंतर असं झालं, तर काही सापडलं तरी नकाशा बदलायची ताकद कुणाकडे उरत नाही. मग फक्त नोंद करून खणून टाकणं उरतं.

खोदकामाला स्वतःचा कायदा असतो हे अमेरिकेतल्या ओक्लाहोमामध्ये ओसेज लोकांच्या प्रकरणात दिसलं. तिथे 84 चक्क्या उभ्या राहिल्या. पाये खणताना निघालेला खडक फोडून पुन्हा भरावात वापरला गेला. ओसेज लोकांची त्या जमिनीखालच्या खनिजांवर सामायिक मालकी आहे, आणि हे काम म्हणजे खाणकाम ठरतं असं अपील न्यायालयाने 2017 साली म्हटलं. परवानगी न घेता केलेल्या या कामासाठी डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने चक्क्या काढून टाकण्याचा आदेश दिला. वारशाचा खटला म्हणून तो चालला नाही, पण जमिनीशी जुनं नातं असलेल्या लोकांना आधी न विचारण्याची किंमत त्यात दिसते.

त्याहून मोठं उदाहरण नॉर्वेतलं फोसेन. तिथे सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर चारतात. स्तुरहेया आणि रुआन या दोन प्रकल्पांत मिळून 151 चक्क्या उभ्या राहिल्या. 11 ऑक्टोबर 2021 रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की त्यांचे परवाने अवैध आहेत, कारण नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 27व्या कलमाने दिलेला, आपली संस्कृती जगण्याचा सामी लोकांचा हक्क त्यात मोडला गेला. चक्क्या मात्र फिरत राहिल्या. 2023 च्या सुरुवातीला तरुणांनी ऑस्लोमध्ये मंत्रालयाच्या दारात ठाण मांडलं. दक्षिणेकडच्या पशुपालकांशी त्याच वर्षाच्या डिसेंबरात समझोता झाला, उत्तरेकडच्यांशी पुढच्या वर्षी. जिथे एकही स्मारक उभं नाही असं भूदृश्यसुद्धा वारसा असतं, कारण लोक अजून त्यात आपलं जुनं काम करतायत.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नँटकेटच्या समुद्रात 130 चक्क्यांची योजना होती. तिथले वाम्पनोआग लोक स्वतःला पहिल्या उजेडाचे लोक म्हणवतात. समुद्रावरून उगवणारा सूर्य निर्वेध दिसणं हा त्यांच्या विधींचा भाग आहे. 2010 साली तो संपूर्ण सागरी भाग पारंपरिक सांस्कृतिक स्थळ म्हणून राष्ट्रीय नोंदणीस पात्र ठरवला गेला. त्याच वर्षी प्रकल्पाला सरकारी मंजुरीही मिळाली, आणि शेवटी 2017 साली कंपनीने प्रकल्प सोडला. या वादात किनाऱ्यावर बंगले असलेले श्रीमंत लोकही विरोधात होते, आणि त्यांचा आवाज मोठा होता. वाम्पनोआगांचं म्हणणं त्या गदारोळात पुष्कळ काळ नीट ऐकलंच गेलं नाही. तुमच्या सुनावणीतही 'आमच्या खिडकीतून चक्की दिसेल' आणि 'आमच्या पूर्वजांची वाट तिथून जाते' ही दोन म्हणणी एकाच ढिगात पडतील. ती वेगळी करणं हे समितीचं काम आहे. पहिलं म्हणणं खोटं नाही, पण ते दुसऱ्याच्या तोलाचं नाही.

कायद्याच्या भाषेत तोल कसा चुकतो हे इंग्लंडमधल्या लिव्हडेन न्यू बील्डच्या प्रकरणात आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी थॉमस ट्रेशम यांनी बांधायला घेतलेली आणि 1605 साली त्यांच्या मृत्यूमुळे अपुरी राहिलेली ही वास्तू. भोवती त्याच काळातली बाग. शेजारी 4 चक्क्यांना चौकशी अधिकाऱ्याने परवानगी दिली. त्यांच्या विचारात एक मुद्दा असा होता की पाहणाऱ्याला चक्क्या आधुनिक आहेत, वास्तूचा भाग नाहीत, हे कळतंच. 18 फेब्रुवारी 2014 रोजी अपील न्यायालयाने परवानगी रद्द ठेवली. न्यायालयाचं म्हणणं असं की संरक्षित वास्तूचा परिसर राखण्याला कायदा विशेष वजन देतो. हानी 'भरीव' नाही असं ठरलं म्हणजे ती किरकोळ झाली असं होत नाही, आणि तिला इतर मुद्द्यांसारखंच एका सामान्य मुद्द्याप्रमाणे तराजूत टाकता येत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'पाहणाऱ्याला फरक कळतो' या युक्तिवादाने जगातली कुठलीही जागा कुठल्याही गोष्टीने वेढता येईल.

'25 वर्षांनी पुसलं जाईल' याबद्दल. परवाना 25 वर्षांचा असतो, पण जागा चांगली निघाली की जुन्या चक्क्या काढून त्याच जागी अधिक उंच चक्क्या उभारण्याचा अर्ज येतो. त्यात चूक काही नाही, कारण रस्ते, केबल, उपकेंद्र आधीच तयार असतं. पण मग परिणाम तात्पुरता होता हा आधार उरत नाही. शिवाय पाया बहुतेक ठिकाणी वरचा मीटरभर फोडून माती टाकून झाकतात, खालचं काँक्रीट तिथेच राहतं. म्हणून अहवालात 'तात्पुरता' हा शब्द जिथे जिथे आलाय तिथे तो खोडून वाचा, आणि निष्कर्ष तरीही टिकतो का ते पाहा. टिकत असेल तर चांगलंच आहे. आणि काढून टाकण्याचा खर्च सुरुवातीलाच वेगळ्या खात्यात सुरक्षित ठेवायला लावा, कारण 25 वर्षांनी ती कंपनी त्याच नावाने अस्तित्वात असेलच असं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मनाला टोचणारा. हरकत घेणं बरोबर आहे का?

स्कारा ब्रे ही वसाहत 1850 च्या वादळाने वाळू उडवली तेव्हा उजेडात आली, आणि आज तोच समुद्र तिला खातोय. तिच्यासमोर बांधलेली भिंत सतत राखावी लागते. समुद्राची पातळी वाढली तर असली किनाऱ्यावरची कितीतरी स्थळं जातील. चक्क्या नकोत असं म्हणणाऱ्या वारसाप्रेमींनी हे विसरू नये. हवामान सावरलं नाही तर आपण जपलेल्या आकाशरेषेखाली जपायला काही उरणार नाही. पण या खऱ्या मुद्द्याचा गैरवापरही होतो. 'हवामानासाठी' हा शब्द आला की कोणत्या माथ्यावर, किती, कशा, हे सगळे प्रश्न गप्प केले जातात. 14 चक्क्यांपैकी 3 सरकवायला सांगितल्या म्हणून ऊर्जा-संक्रमण थांबत नाही. उलट घाईत दिलेला परवाना न्यायालयात दहा वर्षं अडकतो तेव्हा ते थांबतं.

आमच्या बाजूलाही दोष आहे, आणि तो मी लपवणार नाही. वारशाचं कारण पुढे करून खरं तर दुसऱ्याच गोष्टीला विरोध केला जातो. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर, जिथे कॅलॅनिशच्या प्रसिद्ध शिळा आहेत, 181 चक्क्यांची प्रचंड योजना 2008 साली नाकारली गेली. तिचं निर्णायक कारण होतं ओल्या पीट-भूमीतले, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या दलदलीतले, संरक्षित पक्षी. तिथे प्रत्येक मुद्दा आपापल्या नावाने मांडला गेला हे बरं झालं. पक्ष्यांसाठी हरकत असेल तर पक्षी म्हणा, आवाजासाठी असेल तर आवाज म्हणा. शिळांच्या नावावर सगळं खपवलं, तर पुढच्या वेळी शिळांचं खरं म्हणणंही कुणी ऐकणार नाही. जिथे हरकत घेण्यासारखं काही नाही तिथे तसं लेखी सांगणारा तज्ज्ञ व्हा. त्यानेच तुमच्या 'नको'ला किंमत येते.

कधी कधी तर या प्रकल्पांमुळेच वारसा सापडतो. उत्तर समुद्राच्या तळाशी डॉगरलँड नावाची बुडालेली भूमी आहे. हिमयुगानंतर समुद्र चढत गेला आणि ब्रिटनला युरोपशी जोडणारं हे वसलेलं सखल मैदान पाण्याखाली गेलं. समुद्रातल्या चक्क्यांसाठी तळाची जी पाहणी होते, त्यातून तिथल्या जुन्या नद्यांचे मार्ग आणि तळ्यांच्या खुणा पुरातत्त्वज्ञांना अभ्यासायला मिळतायत. तुमच्या परवान्यातही एक अट घाला: पाहणीत गोळा झालेली सगळी माहिती, नकोशी वाटणारीसुद्धा, सार्वजनिक संग्रहात जमा व्हावी.

तुमच्या प्रकल्पाबद्दल, तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून, मला असं दिसतं. 14 पैकी सगळ्या सारख्या त्रासदायक नसणार. असं कधीच होत नाही. कंपनीकडे 14 चक्क्यांचा वेगवेगळा तारेचा आराखडा मागा, म्हणजे फक्त भूरेषा आणि चक्कीची रेषा दाखवणारं साधं चित्र, मुख्य शिळांच्या मधून आणि प्रत्येक दफनटेकडीच्या माथ्यावरून. त्यावर प्रत्येक चक्कीला क्रमांक असू द्या. मग बसून ठरवा: कोणती रांगेच्या शेवटच्या टोकावर येते, कोणती सूर्याच्या वाटेत येते, कोणती दोन टेकड्यांच्या मधल्या रिकाम्या आकाशात येते, कोणती मागच्या डोंगराच्या काळ्या पार्श्वभूमीवर लपते. शेजारी आधीच मंजूर झालेले किंवा अर्जात असलेले प्रकल्प असतील तर तेही त्याच चित्रात काढायला लावा, कारण पठाराला वेढा पडतो तो एका प्रकल्पाने नव्हे, तिसऱ्या-चौथ्याने. माझा अंदाज असा की तीन ते पाच चक्क्यांवर खरा वाद उरेल. त्या वगळून उरलेल्यांची पाती थोडी मोठी केली तर बरीचशी वीज परत मिळते. उंची वाढवणं कुठे परवडेल आणि कुठे नाही, हे त्याच चित्रावर कळेल. पण एक शक्यताही मनात असू द्या. शिळांच्या रांगेचा रोख नेमका त्या डोंगररांगेकडेच असेल, तर एकही चक्की न बसणारी ती रांग असेल. मग तसं स्वच्छ म्हणा, आणि त्याच वाक्यात दुसरी जागा सुचवा.

मत देण्याची मुदत किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. वर्षातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस त्यात येत असेल, तर त्या दोन्ही दिवशी उगवती-मावळतीला पठारावर थांबा. येत नसेल तर सूर्याची दिशा गणिताने काढून त्या तारेच्या चित्रावर आखून घ्या. त्या वाटेने रोज गुरं नेणारं, तिथे दिवा लावणारं, पूर्वजांचं नाव घेणारं कुणी असेल तर त्यांना सोबत न्या, आणि चित्र त्यांच्या हातात द्या. बोट कुठे ठेवतात ते बघा, आणि ती जागा क्रमांकासह लिहून घ्या.